एथेलरेडचे टोपणनाव

रुवी, १५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, क्षमस्व. तरी लिहून बसले. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातील लेखात इंग्लंडच्या एथेलरेड राजाची ‘अनरेडी’ ही उपाधी मी ‘तयारी नसलेला’ अशी दिली. आज वाचले, जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ ‘चुकीचा सल्ला लाभलेला’. तयारी नसलेला! इतके सोपे कसे वाटले मला?

संपादककाका फोनवर हसले. “मराठी माध्यमाची टॉपर ना गं तू? अंक प्रेसला गेला, खलास. कोण बघतंय?”

मी बघते आहे. फार थकले आहे. पण ही चूक माझ्या नावाने छापली गेली, तर पुन्हा लिहिण्याचे धैर्य होणार नाही.

दुरुस्ती काकांना न विचारता थेट छापखान्याला पाठवली. १५ ऑक्टोबर २०२४, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.