चिंधी फिरवायला पाच मिनिटं

४ मार्च
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईपर्यंत मी मजेत होतो. भाऊजींनी लिफ्ट न बघताच ती ठीक असल्याचा सरकारी दाखला दिला, दोर तुटला, लिफ्टमनचा पाय गेला. कोर्टाने दोषी ठरवलं. आता वकील म्हणतो, त्यांनी स्वतःसाठी काही केलं नाही असं घरच्यांनी लिहून दिलं तर शिक्षा कमी होईल! मी नाही लिहिणार. मी रोज लिफ्ट तपासायचंच काम करतो, ताई. लोखंडी दोरावरून चिंधी फिरवायची. तार तुटली असेल तिथे ती अडकते. पाच मिनिटं लागतात. मी सातवी नापास, तरी कंपनीने डिप्लोमावाले सोडून मला घेतलं, ते या हातांमुळे. आणि एवढ्या शिकलेल्या साहेबांना दोर बघायला जिना चढवत नव्हता?

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
तुझा धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शहाण्या, तुझे हात कोणी पाहिले होते? त्या इमारतीचा मालक तुझ्या कंपनीत भागीदार आहे. तो यांना म्हणाला, सही करा, मेहुण्याला उद्या कामावर घेतो. तेव्हा तू घरी बसून माझं डोकं खात होतास. यांनी एक पैसा घेतला नाही. हे तुला कधीच सांगणार नव्हते. आता तरी लिही. शिक्षा सत्तावीसला सुनावणार आहेत. वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

१७ मार्च
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस दोराला हात लावला नाही. काल काम सोडलं. मुकादम म्हणाला, डोकं फिरलंय तुझं. फिरलंयच.

जजसाहेबांना लिहिलेलं पत्र सोबत आहे. सही माझ्यासाठी झाली, पैसा घेतला नाही, हे सगळं लिहिलंय. पुढे हेही लिहिलंय की भाऊजी वर चढले नाहीत ते आळसाने नव्हे. चढले असते तर चिंधी अडकली असती, मग सही करता आली नसती. दोर धड असता तर मालकाने सहीसाठी नोकरी देऊ केली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिक्षा ठरवताना आमच्या घरची माया हिशेबात धरायची असेल तर लिफ्टमनचा गेलेला पायही हिशेबात धरा. कारण ऐकून त्याचं दुखणं कमी होत नाही.

पाकीट चिकटवलेलं नाही. द्यायचं तर सगळं दे, नाहीतर फाडून टाक. मी सव्वीसला पोचतो. आधी लिफ्टमनच्या घरी जाईन, मग तुझ्याकडे. दाराला आतून कडी नसली, तर लोभ आहे असं समजेन.
तुझा धाकटा