टेपवरचे बाबा

४ मार्च
लांब्याचं पार्सल आलं. आमच्या बँडचा पहिला अल्बम! चाळीस वर्षांपूर्वी कॅसेट काढली होती, आता तीच जाड रेकॉर्डवर छापून घेतलीय. कव्हरवर माझा नि लांब्याचा फोटो, खाली ‘इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रियल संगीताचे आद्य प्रवर्तक’. प्रवर्तक म्हणे! गाता दोघांनाही येत नव्हतं. बाबांच्या कारखान्यातल्या पत्रा कापायच्या प्रेसचा दणका टेप करायचा, टेप ब्लेडने कापून गोल जोडायची, आणि घरी जुळवलेल्या सर्किटमधून वर किंचाळ्या काढायच्या — एवढाच उद्योग.

शनिवारी आईला बोलावते. चौथ्या तुकड्यात बाबा आहेत ना! आम्ही टेप करत असताना आत येऊन ओरडले होते, “बंद करा ती कटकट! इथे माणसं काम करतायत!” बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरलाय.

७ मार्च
नाहीत! बाबा नाहीत!

तीनदा लावली. प्रेस, प्रेस, किंचाळी, परत प्रेस. आई खुर्ची पुढे ओढून बसलेली. दर दोन मिनिटांनी — “आता येतील का गं?” शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, “जाऊ दे. छान वाजवलंय हो तुम्ही.” छान! जन्मात कधी तिला ते आवडलं नाही.

८ मार्च
लांब्याला फोन केला. “सगळं साफ करून घेतलंय,” म्हणे. “खरखर, खोकले, बाहेरचे आवाज काढले.” बाहेरचे? कारखाना बाबांचा, प्रेस बाबांचा, वीज बाबांची, आणि बाबा बाहेरचे!

वर मलाच विचारतो, “कॅसेटवर ते होते, हे तुला नक्की आठवतंय?” चोर तो चोर वर शिरजोर! मी नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, “बरं.” त्या ‘बरं’नेच डोकं जास्त फिरलं. फोन आपटला.

माझ्याकडची कॅसेट असती तर तोंडावर फेकली असती. पण ती टेपरेकॉर्डरने केव्हाच खाल्ली. लग्नानंतर लगेचच.

९ मार्च
भाजीत दोनदा मीठ. सगळ्यांनी खाल्ली, नशीब त्यांचं.

११ मार्च
आईकडे गेले. “किती चिडशील? अगदी बाबांवर गेलीस.” मग हळूच, “कसे म्हणायचे गं ते? बंद करा?”

मी नक्कल करून दाखवली. हसली. पुन्हा करायला लावली. मग म्हणाली, “नाही गं, तसं नाही.” म्हणजे कसं, ते तिलाही सांगता येईना. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

त्या मेल्या लांब्याला सोडणार नाही.

१२ मार्च
लांब्याला लिहिलं: मूळ टेप पाठव, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. उत्तर एका ओळीचं. ‘पाठवतो. एकटी असताना उघड.’ नाटकं बघा! आईला फोन करून सांगितलं, टेप येतेय, तुला बाबांचा आवाज ऐकवल्याशिवाय राहत नाही. तिने दोनदा विचारून घेतलं, नक्की ना.

१७ मार्च
टेप आली. डब्यात एक पिवळी पडलेली चिठ्ठी. अक्षर माझं, एकोणिसाव्या वर्षीचं, तिरकं, माजोरडं: ‘चौथा तुकडा. बाबांचं ओरडणं कापून फेकलं. आमच्या कामात त्यांची लुडबुड नको.’ खाली लांब्याचं बारीक अक्षर: ‘राहू दे म्हटलं होतं. ऐकत नाही.’

आईचे तीन फोन येऊन गेले. उचललेला नाही.