सुयांच्या खोलीबाहेर

कामरगाव,
मंगळवार

प्रिय सरिता,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर बोलले तर माझा आवाज चढेल, आणि सासूबाईंची खाट दाराशीच आहे.

धम्मरत्नला तुझ्याकडे मीच आणलं, हे मला रोज स्वतःला बजावावं लागतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की अडचण त्याच्यात आहे, वाढलेल्या वजनामुळे शुक्राणू कमी पडताहेत. गोळ्या, चालणं, मोजकं जेवण सुरू झालं. त्याला अ‍ॅक्युपंक्चरची जोड द्यावी हे माझंच डोकं. वसतिगृहात एका ताटात जेवलेलो आपण. कारंज्यात तुझं क्लिनिक असताना दुसरीकडे कशाला जाऊ? सुयांनी हमखास गुण येईल असं तूही कधी म्हणाली नाहीस. ते मला आवडलं होतं.

पण दर रविवारी तो आत जातो आणि मी बाहेर बाकावर बसते. आतून त्याचं हसू ऐकू येतं. घरी तो हसत नाही गं. मोबाइलच्या दुकानातून येतो, जेवतो, झोपतो. लग्नाला चार वर्षं होतील, त्याने माझ्यासमोर उजेडात कधी बनियन काढलेलं नाही. आणि तुझ्या टेबलावर उघड्या पोटाने पडून तो तुला सांगतो, शाळेतली मुलं त्याला काय म्हणून चिडवायची. मला माहीतच असेल असं समजून तू ते सहज बोलून गेलीस. मीही माहीत असल्यासारखी मान हलवली.

वाकडा संशय माझ्या मनात नाही. तुला तो ताई म्हणतो. तरी एकदा न राहवून विचारलंच, तिच्यापुढे लाज नाही वाटत, मग माझ्यापुढेच का? तो म्हणाला, "थे डॉक्टर हाय, तिले कायची लाज? तू बायको हायस. तुले जन्मभर पाहा लागते मले."

गावात आम्ही कंबरदुखीचं नाव सांगितलंय. सासूबाई म्हणतात, रविवार आला की हा इस्तरीचा शर्ट घालते, कंबर दुखते का मन? शेजारच्या हिरीबाई मला ऐकवतात, एवढी शिकलेली सून आणली, पाळण्याचंच शिक्षण राह्यलं वाटते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. मूल न होणं हा एकट्या बाईचा दोष नाही, यावर कॉलेजात भाषण केलेली मी. ऐकून घेते, कारण त्याने माझ्याकडून शब्द घेतलाय. त्याचं गुपित फक्त माझ्याजवळ असतं तर हे सगळं मी आनंदाने सोसलं असतं. पण ते तुझ्याजवळही आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त आहे.

गेले दोन रविवार तो आला नाही. दुकानात गर्दी आहे असं त्याने तुला कळवलं, ते खोटं. नवा रिपोर्ट आलाय. वजन उतरलंय, बाकी जवळजवळ तिथेच. सरिताताईला तोंड कसं दाखवू, म्हणून रडला. माझ्यासमोर बसून, पण तुझ्यासाठी. खरं सांगते, पहिल्या रविवारी मला बरं वाटलं, तो घरी होता. दुसऱ्या रविवारी त्याने गोळ्या केरात टाकल्या आणि मला म्हणाला, तू दुसरं लग्न कर, मी आडवा येणार नाही. मी समजावलं, भांडले, आणखी काही महिने लागतील हे डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुकान उघडायला निघून गेला. सरिता, त्याला फोन कर. तू रागावलीस तर तो ऐकेल. मी लिहिलंय हे मात्र सांगू नकोस. तुला त्याची आठवण आली म्हणून तू फोन केलास, असंच त्याला वाटू दे.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
पौर्णिमा