खांबाचा घेर

सर, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझी मुलगी खो-खो खेळते हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. सोळा वर्षांची आहे. आपल्या वाशी गावात माझ्या मोटरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत दहाव्या वर्षापासून मीच तिला शिकवतो. तुम्ही मला शाळेच्या संघात कधी घेतलं नाहीत, पण रेषेबाहेर बसून मी जेवढं बघितलं तेवढं खेळणाऱ्यांनीही बघितलं नसेल. मोटर भरायचं, जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं कामही मी असंच शिकलो, कुणाच्या हाताखाली न बसता. तार जाडीला केसभर कमीजास्त असली तरी मी परत पाठवतो.

जिल्ह्याकडून ती दोन वर्षं खेळली ती पळतीला, पाठलाग चुकवणारी म्हणून. पाठलागात खांबाची जागा यंदा पहिल्यांदा मिळाली. धाराशिवला राज्याच्या निवडीत एका हातानं खांब धरून सूर मारताना तिचा तो हात तीनदा सुटला आणि ती छातीवर आपटली. निवडणारे म्हणाले, "पळती झकास. पकड न्हाय." परतताना एसटीत येरमाळ्यापर्यंत ती तळहात चोळत होती. मग म्हणाली, "पप्पा, माझा हातच बारका हाय. दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या." घरी तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हात बारका न्हाय, बापाचं तोंड मोठंय. जरा दम खाऊ द्या तिला." मी दम खाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ओलं पोतं पिळायला लावलं, शंभर वेळा. रविवारी शेवटची चाचणी आहे.

मंगळवारी तार आणायला धाराशिवला गेलो, तेव्हा मैदानावर जाऊन खांबाला टेप लावला. घेर तीस सेंटिमीटर. घरी येऊन दुकानामागचा आपला खांब मोजला, सव्वीस. दोनदा मोजला, मग टेप बदलून परत मोजला. आपला खांब मी तुमच्या खांबावरून केला होता. शाळेतला जुना खांब उपटायच्या आदल्या दिवशी मी जाऊन त्याला सुतळी गुंडाळली आणि जिथं घेर पुरा झाला तिथं गाठ मारली. माप अगदी बरोबर होतं, सर. पण दर दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही फुटक्या काचेनं तो खांब तासत बसायचात, आणि भुसा झाडायला मीच असायचो. एकदा मी नुसतं बघून "झालं गुळगुळीत" म्हणालो, तर तुम्ही माझा हात धरून खांबावर फिरवलात. "सल रुतली तर तुला रुतू दे, पोरापोरींना न्हाय." इतक्या वर्षांच्या तासण्यानं तो किती उतरला असेल, हे सुतळी गुंडाळताना माझ्या डोक्यात आलं नाही. सहा वर्षं तिची बोटं उतरलेल्या खांबावर मिटायला शिकली.

जाड खांब दुकानात तयार आहे. बदलायला दोन तास पुरेत. आज शुक्रवार, तरी बदललेला नाही, कारण बदलला की का बदलला ते सांगावं लागेल. तिला सांगायचं ते तुम्हाला लिहीत बसलोय, आणि हे पानही दुकानाच्या वहीतच राहणार. आज सकाळी तिनं आपल्या खांबावर बारा सूर मारले. हात एकदाही सुटला नाही. धापा टाकत तिनं माझ्याकडं बघितलं. "आता काय चुकतंय, पप्पा?"

मी म्हणालो, कोपर वाकतंय. वाकत नव्हतं, सर.