सरकारची झाडं

मंगळवार, घणसोली

आबांचं पुन्हा तेच. "सरकारची झाडं हायती, सरकार पाणी घालंल." आंब्याच्या लागवडीला अनुदान सरकारचं, पण रान आपलं, आंबे पण आपल्यालाच मिळणार ना? खड्डे तर मीच काढले, सुट्टीला गेलो तेव्हा. सरकारची म्हणे!

आई फोनवर हळूच म्हणाली, "रोपं माना टाकाय लागल्यात रं." सोमवारी कृषी खात्याचे साहेब जगलेली रोपं मोजायला येणार. बरीच मेली तर अनुदानाचा पुढचा हप्ता बंद. आबांना सांगितलं, तर म्हणाले, "तिकडं एसीत बसून शानपना शिकवू नगंस." आमच्या गोडाऊनला पंखासुद्धा नाही.

मी का एवढा तडफडतोय? त्या आंब्यांच्या जोरावर कायमचं गावी जायचंय, म्हणून. आबांना हे कळत नाही, की कळून गप्प बसतात?

आता आबांना विचारणारच नाही. आईच्या फोनवर पाठवतोय, टँकरचे पंधराशे रुपये.