तिसऱ्या बॉयलरचा प्रश्न

१ डिसेंबर

पावाच्या दुकानात आज माझ्याशी कोणी बोललं नाही. बाईने सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. माझ्याच गावात! ज्यांनी मला निवडून राजधानीत, सोफियाच्या संसदेत धाडलं, त्यांनीच.

असं काय विचारलं होतं मी सभागृहात? वीजकेंद्राच्या तिसऱ्या बॉयलरवर सरकारने नऊ कोटी लेव्हा घातले. बॉयलर एक हिवाळासुद्धा धड चालला नाही. आता त्याच्याच दुरुस्तीला पुन्हा पैसे हवेत — मग पहिले गेले कुठे? आणि ‘काम झालं’ असं सांगितलं कोणी? एवढंच. पेपरात आलं, निकोलिनाबाईंना — म्हणजे मला — वीजकेंद्र बंद पाडायचंय. झालं! निम्म्या गावाची चूल त्या केंद्रावर पेटते.

३ डिसेंबर

माझ्या प्रश्नाला मंत्री शुक्रवारी उत्तर देणार. म्हणजे सहा तारखेला, संत निकोलाच्या दिवशी — माझं नाव त्याच्यावरून, म्हणून हा माझ्या नावाचा दिवस! एरवी त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नसते. बोलवायचं कोणालाच नसतं. दार उघडं, मासा तयार, ज्याला आठवण तो येतो. यंदा कोण येणार?

४ डिसेंबर

मूर्खपणा केला. स्तोइचोला फोन केला — "शुक्रवारी जेवायला ये बरं का." माझा धाकटा भाऊ, मला तेवढाच. केंद्रात पाळीप्रमुख आहे. तो म्हणाला, "बोलावतेस, ताई? नावाच्या दिवशी? मी काय परका आहे?" आणि फोन ठेवला.

आमच्यात या दिवसाचं आमंत्रण म्हणजे अपमानच. ठाऊक असून केलं. भीती वाटली म्हणून केलं.

५ डिसेंबर

पक्षाध्यक्षांचा फोन. "जरा सबुरीनं घ्या, बाई. बॉयलरला मत नसतं, गावाला असतं." प्रश्न मागे घ्या म्हणे. नाही घेणार!

६ डिसेंबर

मंत्री उठले. "आधी निकोलिनाबाईंना नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा!" हशा, टाळ्या. मग थंडी, युरोप, आधीचं सरकार — सगळ्यांवर खापर फोडून झालं. नाव मात्र एकाचंही नाही. मी पुन्हा विचारलं, काम झाल्याच्या सह्या कोणाच्या? "पुढच्या शुक्रवारी सभागृहात नावं वाचून दाखवू," म्हणाले. बघू.

दुपारीच घरी परतले. कार्प मासा आक्रोड भरून भट्टीत ठेवलाय. मोठा आणला, सवयीने. दार नुसतं लोटलंय. जिन्यात पावलं वाजली की उठते. पावलं वरच्या मजल्यावर जातात.

७ डिसेंबर

काल आल्या त्या एकट्या खालच्या वेलिकामावशी. "मी म्हातारी, माझं कोण काय वाकडं करणार?" म्हणत टेबलाशी बसल्या. राकिया दारूचा घोट घेतला, मासा दोनदा वाढून घेतला. "लोकांचा तुझ्यावर राग नाही गं, पोटाची काळजी आहे." जाताना मात्र जिन्यात डोकावल्या, कोणी बघतंय का म्हणून. मला हसू आलं. मग रडू.

स्तोइचो आला नाही. आई गेल्यापासून त्याने हा दिवस कधी चुकवला नव्हता. गावाचं मला काही वाटत नाही — खोटं, वाटतं! पण त्याचं जास्त वाटतं.

८ डिसेंबर

उरलेला मासा. एकटीने.

९ डिसेंबर

स्तोइचो आला. कोटसुद्धा न काढता ओट्याशी उभा राहिला. मी आमंत्रणाबद्दल माफी मागायला लागले.

"ते सोड गं, ताई. फोन ठेवायला मला काहीतरी निमित्त हवं होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काम झालं असं मी सांगितलं. वरून फर्मान आलं, मी सही केली. शुक्रवारी पहिलं नाव माझं वाचतील."

प्रश्न मागे घ्यायला गुरुवारपर्यंत मुदत आहे.