पाटी परत आण

माझी मासळीची पाटी शेजारच्या वेणूबाईला देऊन टाकलीस म्हणे! बाळाजी, मांडीचं हाड मोडलंय माझं, मी मेले न्हाय.

मुंबईच्या इस्पितळातून सगळ्यांना आशीर्वाद. हाड सांधलंय. कसरत करून घेणारी बाई खाटेवर निजवून पोट आत ओढायला लावते, मग खाटेला बांधलेली स्प्रिंग पायाने ताणायची. आधी मऊ होती, आता राठ दिलीय. पाय थरथरतो, ते सोड. काल उकिडवी बसले नि कोणाला न धरता उठले. आता डोक्यावर उशी घेऊन उठणार, मग भरली पाटी.

नातीचा खोकला गेला का?

पाटी आणून दारात ठेव.

तुझी आय, मनुबाई

आणलीस की न्हाय ते सूनबाई केसरने लिहावं. तू गोड लिहून फसवतोस.